एसएनएमपीट्रॅपडी: रबाळ्यात पावसाळाभर वापरल्यावर

नेटवर्कवरच्या उपकरणांवर नजर ठेवायची पद्धत म्हणजे एसएनएमपी, आणि काही घडलं की उपकरण आपणहून पाठवतं ती सूचना म्हणजे ट्रॅप. नेट-एसएनएमपी या संचातला एसएनएमपीट्रॅपडी हा ट्रॅप घेणारा डिमन (पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्रॅम) मे महिन्यात आमच्या रबाळे एमआयडीसीतल्या युनिटमध्ये डेबियन सर्व्हरवर चढवला. काम सरळ आहे. स्विच, राउटर आणि युपीएस जे काही ओरडतील ते यूडीपी पोर्ट १६२ वर ऐकायचं, कामाचं तेवढं ठाण्याला वागळे इस्टेटच्या ऑफिसात पाठवायचं आणि रात्रपाळीच्या ग्रुपवर मेसेज टाकायचा. पावसाळा सरला, आता लिहायला हरकत नाही.

चालवायला हलका आहे, जुनाट मशीनवरही जाणवत नाही, आणि या काळात स्वतःहून कधी पडला नाही. मात्र नवख्याला पहिल्याच दिवशी घाम फोडतो. टीसीपीडंपमध्ये (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं साधन) पॅकेट येताना दिसतं आणि लॉगमध्ये शुकशुकाट! कारण ५.३ आवृत्तीपासून परवानगी दिल्याशिवाय तो ट्रॅपला हात लावत नाही. सेटिंगच्या फाइलीत 'ऑथकम्युनिटी'ची ओळ लिहावी लागते आणि तीत लॉग, एक्झिक्यूट, नेट हे तीन हक्क वेगवेगळे द्यावे लागतात: नोंदवणं, स्क्रिप्ट चालवणं, पुढे पाठवणं. 'डिसेबलऑथोरायझेशन यस' टाकून मोकळे व्हा, असं सांगणारे भेटतील. ऐकू नका, मग कुणीही खोटा ट्रॅप पाठवून तुमची स्क्रिप्ट पळवेल.

डेबियनवर लायसन्सच्या भानगडीमुळे बऱ्याच एमआयबी फाइली (आकडी कोडांना नावं देणारे तक्ते) सोबत येत नाहीत, त्यामुळे नावांऐवजी आकडे दिसतात. मी तसेच ठेवले. १.३.६.१.६.३.१.१.५.३ म्हणजे लिंक डाउन (जोडणी तुटली), शेवटी ४ असेल तर अप. चार दिवसांत पाठ होतं.

खरी परीक्षा युपीएसने घेतली. प्रमाणित युपीएस एमआयबीत 'बॅटरीवर गेलो' हा ट्रॅप एकदा येऊन थांबत नाही. वीज परत येईपर्यंत किंवा युपीएस बंद पडेपर्यंत दर मिनिटाला पुन्हा येतो. जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात वीज गेली आणि ग्रुपवर नुसता मारा सुरू झाला. त्यात लिंक डाउनची भर. टेलिग्राम बॉटला ग्रुपमध्ये मिनिटाला २० मेसेजचीच मुभा, पुढचे नाकारले जातात. एसएनएमपीट्रॅपडी स्वतः एकसारखे ट्रॅप गाळत नाही, ती अक्कल तुमच्या स्क्रिप्टलाच शिकवावी लागते. आता पहिला ट्रॅप आला की एक मेसेज, आणि उरलेली मिनिटं दहाच्या खाली गेली की दुसरा. ही मिनिटं त्याच ट्रॅपमध्ये येतात. 'युपीएस २ बॅटरीवर, अंदाजे १८ मिनिटं' एवढं वाचून आमचे इलेक्ट्रिशियन काका फोनवर विचारतात, "साहेब, डीजी (डिझेल जनरेटर) घेऊ का?" पूर्वी हाच फोन सगळं अंधारात गेल्यावर यायचा.

'ट्रॅपहँडल'ची, म्हणजे ट्रॅप आला की चालणारी, स्क्रिप्ट संपेपर्यंत डिमन पुढच्या ट्रॅपकडे बघत नाही, हे लक्षात ठेवा. इंटरनेट रडत असताना मेसेज पाठवणारं कर्ल तीस सेकंद अडकलं तर तेवढा वेळ रांग तुंबते. म्हणून स्क्रिप्टने फक्त फाइल टाकून बाहेर पडायचं. मेसेज पाठवायला दुसरा प्रोग्रॅम ठेवायचा. स्क्रिप्टला पहिल्या ओळीत पाठवणाऱ्याचं नाव मिळतं, दुसरीत पत्ता. डीएनएसमध्ये नोंद नसेल तर नावाच्या जागी 'अननोन' येतं, तेव्हा भरवसा दुसऱ्या ओळीवरच.

ट्रॅप पुढे पाठवायची 'फॉरवर्ड'ची ओळ लिहायला सोपी, पण व्ही२सी (एसएनएमपीची दुसरी आवृत्ती) ट्रॅप पुढे गेला की ठाण्याच्या सर्व्हरला तो रबाळ्याच्या रिलेकडूनच, म्हणजे आमच्या सर्व्हरकडूनच, आल्यासारखा वाटतो. व्ही१ मध्ये उपकरणाचा पत्ता ट्रॅपच्या पोटातच असतो, तिथे अडत नाही. ठाण्याच्या टीमला म्हणूनच मूळ पत्त्यासकट मजकूर वेगळा जातो.

आणि ट्रॅप आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं अजिबात समजू नका. यूडीपी आहे, वाटेत गळला तर कुणाला पत्ता नाही. शिवाय ज्या स्विचचीच वीज गेली तो कशाने ओरडणार? त्याच्या शेजारच्याचा लिंक डाउन येतो, तोही वाट शाबूत असेल तरच. दर पाच मिनिटांचं पोलिंग (आपणच उपकरणाला हालहवाल विचारणं) आम्ही चालूच ठेवलंय. जी उपकरणं इन्फॉर्म (पोच मागणारी सूचना) पाठवू शकतात त्यांना तेच लावलं. पोच मिळाली नाही तर ती पुन्हा पाठवतात.

व्ही३ (एसएनएमपीची सुरक्षित आवृत्ती) अर्धवट राहिलंय. ट्रॅपसाठी प्रत्येक उपकरणाचा इंजिन आयडी (एसएनएमपीतली त्याची ओळख) 'क्रिएटयूझर'च्या ओळीत नोंदवावा लागतो, कार्ड बदललं की पुन्हा तेच. इन्फॉर्मला ही कटकट नाही. जुन्या स्विचना व्ही३ येतच नाही, ते तूर्त वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कचा अलग केलेला भाग) टाकलेत.