बेक्ड फेटा पास्ता: ओटीजीत की टोपात, झाकणावर निखारे ठेवून?

फेटा पास्ता घरी करायचाय म्हणून ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, घ्यावा का, असं ज्यांच्या डोक्यात चाललंय त्यांच्यासाठी लिहितोय, कारण मी दोन्ही करून बसलोय. आधी ओटीजी घेतला, वर्षभर त्यातच केला, आणि आता दोनेक वर्षं टोपात करतो, खाली गॅस नि झाकणावर निखारे. आमचं घर देवगड तालुक्यात, त्यामुळे हे सगळं इथल्या हिशोबाने वाचा, पुण्यात फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला वेगळा अनुभव येईल कदाचित.

कृती सगळ्यांना पाठ असणार. फिनलंडमध्ये २०१९ ला याचं वेड लागलं होतं, आपल्यापर्यंत २०२१ च्या सुमारास रील्समधून आलं. मधे २०० ग्रॅम फेट्याची अख्खी वडी, भोवती अर्धा किलो टोमॅटो, लसूण, सढळ हाताने ऑलिव्ह ऑइल, २०० डिग्रीला अर्धा-पाऊण तास, मग चेचायचं आणि पास्ता ढकलायचा. आईने पहिल्यांदा वडी चाखून विचारलं होतं, "रे, ह्यां पनीर आंबलां काय?"

पनीरवर भागवू नका एवढंच सांगतो. पनीर उकळत्या दुधात आंबट घालून फाडलेलं असतं, ते तापलं तरी रवाळच राहतं आणि लाल पाण्यात पांढरे कण तरंगताना दिसतात. फेटा विरजण आणि रेनेट (दूध गोठवणारं एन्झाइम) लावून घट्ट केलेला आणि मिठाच्या पाण्यात मुरवलेला, तोही चीजसारखा वितळून तार सोडत नाही, पण मऊ पडतो नि चेचला की सॉस दाट होतो. खरा ग्रीक फेटा मेंढीच्या दुधाचा, फार तर ३० टक्के बकरीचं. आपल्याकडे पाकिटात मिळतो तो बहुतेक गाईच्या दुधाचा असतो, चालतो. मी कोल्हापूरला गेलो की दोन-तीन पाकिटं घेतो आणि फोंडा घाट उतरेपर्यंत मासे ठेवायच्या थर्माकोलच्या डब्यात बर्फावर ठेवतो. डबा आधी नीट धुवायचा, हे एकदा शिकलो.

आता ओटीजीबद्दल. खोटं कशाला बोलू, सगळं नीट जुळून आलं तर ओटीजीतला टोमॅटो जास्त सुंदर होतो. साल सुरकुतते, कडेला काळे डाग पडतात, रस आटून तेलात गोड होतो, आणि आत ठेवून तुम्ही खुशाल अंघोळीला जाऊ शकता. सकाळी अकराला केलात तर मला आजही तोच आवडेल. पण पास्ता सकाळी अकराला कोण खातं?

माझं डोकं फिरवलं ते व्होल्टेजने. लाईट जाण्याचं काही नाही, लाईट गेली की निदान कळतं तरी. व्होल्टेज उतरलं की ओटीजीचा लाल दिवा तसाच सुरू, टायमर टिकटिकतोय, काचेतून रॉड पण लालसर दिसतोय, आणि आत अर्ध्या तासाने बघावं तर टोमॅटो भाजले नाहीत, नुसते उकडलेत. आमच्या फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर आकडा दिसतो, संध्याकाळी साडेसातनंतर १७५ म्हणजे नेहमीचं. साधा हिशोब आहे, रॉडची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, म्हणजे २३० वर १५०० वॉट देणारा ओव्हन १७५ वर जेमतेम ८७० वॉट देतो. त्यात तो २०० डिग्रीला लवकर पोचत नाही, आणि आपले गावठी टोमॅटो चेरी टोमॅटोपेक्षा पाणी जास्त सोडतात, ते पाणी आटायला नेमकी तीच उष्णता हवी असते. इन्व्हर्टरवर चालवायचा विचार सोडून द्या, घरगुती इन्व्हर्टरला हा लोड झेपत नाही.

कळस झाला दोन वर्षांपूर्वी, गणपती विसर्जन होऊन चार दिवस झाले होते पण मुंबईकर अजून परतले नव्हते, वाडीतली एरवी बंद असलेली सगळी घरं उघडी, प्रत्येक घरात पंखे, पंप, फ्रिज. चुलतभावाच्या पोरांना पास्ताच हवा होता. आठ माणसांचा, दोन पाकिटं फेटा, एक किलो टोमॅटो, काचेचं भांडं भरून ओटीजीत. तिकडे आकडा १६८. पाऊण तास झाला, तासाच्या वर गेला, पास्ता उकडून गाळून एकमेकांना चिकटून बसला, आणि भांड्यात टोमॅटो पाण्यात पोहतायत, मधे फेट्याची वडी जशीच्या तशी, पांढरीफेक. पोरं येऊन येऊन काचेत डोकावतायत. काकी पडवीतून म्हणाली, "धोंडसाक ठेवतंव तसे वर निखारे ठेव मा."

आणि खरंच की. तवशाचं धोंडस, म्हणजे आपला काकडीचा केक, आपल्याकडे कुठल्या ओव्हनमध्ये होत होतं? टोप चुलीवर, झाकणावर निखारे, खालून-वरून शेक. सगळं तसंच जाड बुडाच्या स्टीलच्या टोपात ओतलं, गॅस मंद, वर काठाचं ताट पालथं न घालता सुलट ठेवलं आणि त्यात करवंटीचे निखारे. दहा मिनिटांत आतून चरचर ऐकू यायला लागली. वीस मिनिटांनी चिमट्याने ताट उचललं तर वडीच्या कडा तपकिरी, वरचे टोमॅटो फुटलेले, आणि थोडा धुराचा वास, जो मला तरी त्यात शोभून दिसला.

टोपाचे तोटेही आहेत. ताट उचलताना हात हलला की राख आत, एकदा पडलीय, वरची चमचाभर काढून टाकली नि गुपचूप वाढलं. लक्ष ठेवावं लागतं, नाहीतर खालून लागतं. बिडाच्या कढईत करू नका, टोमॅटोच्या आंबटीने लोखंडाची चव उतरते. आणि निखारे बंद खोलीत अजिबात नकोत, त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू वास न येता घात करतो. पडवी, परस, मोकळी गॅलरी असेल तरच. फ्लॅट असेल आणि व्होल्टेज २२० च्या खाली जात नसेल तर सरळ ओटीजी घ्या, मी अडवणार नाही.

बाकी दोन्हीकडे सारखंच. मीठ शेवटी चाखून, फेटा खारट असतोच. पास्त्याचं वाटीभर पाणी बाजूला ठेवायचं, त्या पाण्यातल्या स्टार्चमुळे सॉस धरतो. बेझिल मिळत नाही म्हणून तुळस घालू नका, तिचा वास लवंगेकडे जातो. दारातल्या सब्जाची चार पानं तोडा, तो बेझिलचाच भाऊबंद.

ओटीजी विकला नाही. दुपारी त्यात काजूगर भाजतो, बायको कधीमधी नानकटाई करते, तेव्हा आकडा बरा असतो. पण संध्याकाळी आठला पास्ता करायचा आणि दारात पडवी असेल तर निदान मी तरी आधी टोप करून बघायला सांगेन, त्यात पैसे घालायचे नाहीत, फुकटात कळेल. करवंट्या तेवढ्या आधीपासून चुलीच्या वर माळ्यावर टाकून ठेवा, पावसाळ्यात ओल्या पेटवल्या की निखारा होत नाही, नुसता पडवीभर धूर.