पॉवर कॉर्डच्या नावाखाली १४,४५० रुपयांना फसलो. तुमची वायर आज कापून बघा

आधी आकडा सांगतो, म्हणजे नंतर कोणी विचारायला नको. पहिल्यांदा १२,०५० आणि दुसऱ्यांदा २,४००, एकूण १४,४५० रुपये. अँप्लिफायर आणि सीडी प्लेअरच्या पॉवर कॉर्डसाठी, म्हणजे भिंतीतल्या सॉकेटपासून मशीनपर्यंत वीज नेणाऱ्या वायरसाठी. घरी बायकोला अजून पूर्ण आकडा माहीत नाही, तिला मी पाच हजार सांगितलंय. हे सगळं लिहायची मला लाज वाटते आणि तरी लिहितोय, कारण माझ्या शब्दावर विसंबून अजून दोघांनी त्याच माणसाकडून तीच वायर घेतलीय, आणि यात प्रश्न आवाजाचा नाहीये, अर्थिंगचा आहे.

मी काही अगदीच नवखा नाही. वीस वर्षं घरी ऑडिओ सिस्टीम आहे, स्पीकरच्या केबल स्वतः बनवतो, मल्टीमीटर घरात आहे. आवाज सुधारतो म्हणून तयार विकल्या जाणाऱ्या फॅन्सी कॉर्डच्या किमती बघून मी कधीच त्या वाटेला गेलो नव्हतो. म्हणून तर स्वतः बनवायचं ठरवलं. चांगली जाड वायर, चांगले प्लग, घट्ट बसणारे कनेक्टर, एवढंच हवं होतं. स्वस्तात नीट काम व्हावं एवढीच इच्छा होती, कुठली हाव नव्हती. हे मुद्दाम सांगतोय, कारण ज्याला ज्याला सांगितलं तो म्हणाला की इतक्या महागड्या भानगडीत पडायचंच कशाला. मी महागड्या भानगडीत पडलोच नव्हतो, ती टाळायला गेलो होतो.

तर एका ऑडिओवाल्यांच्या ग्रुपवर हा वायर विकणारा माणूस दोनेक वर्षं होता. नाव देत नाही, नंबरही देत नाही, तसंही त्याचे नंबर बदलत असतात. बोलायला गोड, प्रत्येकाला दादा, सर, कोणाला काही अडलं की रात्री अकरा वाजता पण उत्तर देणार. एखाद्या कारखान्यातला उरलेला माल आपल्याकडे येतो म्हणायचा. २.५ स्क्वेअर एमएमची तीन कोरची (फेज, न्यूट्रल, अर्थ अशा तीन तारांची) वायर, ऑक्सिजन फ्री कॉपर म्हणजे जास्त शुद्ध केलेलं तांबं, वर चांदीचा मुलामा, ८५० रुपये मीटर. मी ६ मीटर घेतली, भिंतीपासून एक्स्टेन्शन बोर्डापर्यंत ३ आणि मग अँप्लिफायर आणि प्लेअरला दीड दीड. म्हणजे ५,१००. तीन प्लग १,२५० प्रमाणे ३,७५०, दोन सी १३ कनेक्टर (मशीनच्या मागे घुसतं ते टोक) १,१५० प्रमाणे २,३००, वरची जाळीची स्लीव्ह आणि हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) ६४०, कुरिअर २६०. झाले १२,०५०. यूपीआयने एका फटक्यात पाठवले. बिल मागितलं तर म्हणाला, दादा बिल लावलं तर १८ टक्के वर जातील, आपल्यात काय बिल. आणि मी गप्प बसलो. बिल नाही म्हणजे नंतर तुम्ही जगाच्या पाठीवर कुठेही गेलात तरी तुमच्या हातात काही नाही, हे मला नंतर प्रत्येक टेबलावर ऐकवलं गेलं.

आता ती गोष्ट, जी मला झोपू देत नाही.

पैसे पाठवायच्या आधी मी त्याला म्हटलं होतं की वायर आडवी कापून टोकाचा जवळून फोटो पाठव. त्याने पाठवला. फोटो चांगला होता, अगदी स्पष्ट. मी मोबाईलवर बोटांनी मोठा करून बघितला. बारीक तारांची टोकं दिसत होती, प्रत्येक तारेची कड तांबूस आणि मध्य पांढरा. मी त्याला विचारलं की हे पांढरं काय आहे. तो म्हणाला, दादा तीच तर चांदी.

आणि मी मानलं!

अहो, मुलामा वरून असतो. चांदीचा मुलामा दिलेलं तांबं कापलं तर कड पांढरी आणि मध्य तांबडा दिसायला हवा. इथे बरोब्बर उलटं होतं. वर तांब्याचं पातळ पांघरूण आणि आत ॲल्युमिनियम. हे मला माहीत होतं, मी स्वतः याच ग्रुपवर दुसऱ्या एकाला स्पीकर केबलच्या वेळेस हेच समजावून सांगितलं होतं, तो मेसेज अजून आहे, मी परवा शोधून काढला आणि वाचून डोकं धरून बसलो. फोटो माझ्या हातात होता, प्रश्नही बरोबर विचारला होता, उत्तर चुकीचं आलं आणि तरी मी पैसे पाठवले. का, तर तो दोन वर्षं ओळखीचा होता आणि त्याच्यावर शंका घेणं मला अवघड वाटलं. रात्री साडेदहा वाजले होते, त्याने सांगितलं की शेवटचे ८ मीटर उरलेत आणि अजून दोघं विचारतायत. हे शेवटचे ८ मीटर प्रकरण तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, मलाही माहीत होतं.

पार्सल आलं तेव्हा हलकं लागलं होतं, ते पण आठवतंय. हिशोब सोपा आहे. २.५ स्क्वेअर एमएमच्या तीन कोर, म्हणजे मीटरला नुसतं तांबंच ६७ ग्रॅम भरतं. ६ मीटरला ४०० ग्रॅम, वरचं पीव्हीसी वेगळं. घरात वजनकाटा आहे. ठेवलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं, कारण ॲल्युमिनियमवर तांबं चढवलेल्या तारेचं वजन त्याच्या निम्म्याहून कमी भरतं. वायर हातात आली की पहिलं काम वजन, दुसरं काम ब्लेडने तार खरवडणं, लिहून ठेवा. आणि प्लगच्या पिनला लोहचुंबक लावा. पितळ चिकटत नाही. ‘ऱ्होडियम’ या महाग धातूचा मुलामा म्हणून विकलेल्या माझ्या १,२५० रुपयांच्या प्लगच्या पिना टक्कन चिकटल्या, पण हे मी अडीच महिन्यांनी करून बघितलं.

कॉर्ड बनवल्या, लावल्या, ऐकलं. आणि इथे मी सर्वात मोठी चूक केली. ग्रुपवर लिहिलं की बेस घट्ट झाला, पार्श्वभूमी शांत झाली. मला तसं खरंच वाटलं होतं, खोटं लिहिलं नव्हतं. पण एक दुपार घालवून हाताने बनवलेली वस्तू लावली की माणसाला चांगलंच ऐकू येतं. खरा हिशोब आता सांगतो. २.५ स्क्वेअर एमएम तांब्याचा रोध मीटरला ८ मिलिओहमच्या आसपास, ३ मीटरची जाऊन येऊन ६ मीटर, अँप्लिफायर १ अँपिअर ओढत असेल तर २३० मधले ०.०५ व्होल्ट पडणार. साधी ०.७५ ची कॉर्ड लावली तरी ०.१६ व्होल्ट. यात बेस कुठून घट्ट होणार? आणि ते ‘सिक्स नाइन शुद्ध’ म्हणजे ९९.९९९९ टक्के वगैरे, साधं विजेचं तांबंच ९९.९ टक्के शुद्ध असतं आणि वीज वाहून न्यायला तेवढं पुरून उरतं. कॉर्डमध्ये बघायचं ते सांध्याकडे. पिन घट्ट बसते का, स्क्रूखाली तारा नीट दबल्यात का, अर्थ सलग आहे का, वायर ओढली तर ताण प्लगमधल्या वायर धरणाऱ्या क्लिपवर येतो की सांध्यावर.

पण माझं ते वाचून दोघांनी मागवली. एकाने ४ मीटर, एकाने ९. त्या हरामखोराने माझ्या मेसेजचा फोटो काढून जाहिरातीसारखा फिरवला.

अडीच महिन्यांनी आई धूळ पुसत होती, म्हणाली, तुझ्या मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात रे. मी आधी म्हटलं असं काही नसतं. मग स्वतः हात लावला. मल्टीमीटर लावला, अँप्लिफायरच्या पत्र्यापासून चांगल्या अर्थपर्यंत जवळपास ११० व्होल्ट. ज्यांना माहीत आहे ते समजले असतील. उपकरणाच्या आत मेन्सच्या फिल्टरचे कपॅसिटर असतात, अर्थ तुटला की पत्र्यावर साधारण निम्मा व्होल्टेज तरंगतो. त्याचा करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण उद्या आत फेज पत्र्याला टेकली असती तर अर्थ नाही म्हणजे फ्यूज उडायचं कारणच नाही, पूर्ण २३० व्होल्ट पत्र्यावर, आणि तिथे आईचा ओला फडका. हे लिहिताना पण माझे हात थरथरतायत.

भिंतीकडचा प्लग उघडला. अर्थच्या स्क्रूखालच्या तारा तुटून अक्षरशः भुगा झाला होता. ही वायर तांब्यासारखी दाब सहन करत नाही, तारा ठिसूळ, आणि ॲल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू सरकतं, सांधा सैल होतो, वर ऑक्साइडचा थर. फेजच्या स्क्रूजवळ प्लॅस्टिक पिवळट पडायला लागलं होतं. तीन कॉर्डमधली सर्वात महत्त्वाची हीच, बोर्डाकडे जाणारी, म्हणजे बोर्डावरच्या प्रत्येक वस्तूचा अर्थ गेलेला.

त्याला फोन केला. आवाज चढवून बोललो. तो शांत. दादा, सप्लायरने मलाच फसवलं, तो लॉटच खराब, मला फार वाईट वाटतंय, नवीन लॉट आलाय, तुम्हाला बदलून देतो, फक्त फरकाचे २,४०० पाठवा, जुनी वायर परत पाठवायची पण गरज नाही. ज्याला माल बदलून द्यायचाय तो जुना माल परत मागतो की नाही? पण मला माझे १२,०५० बुडालेले बघवत नव्हते, माणूस बुडालेले पैसे वाचवायला अजून घालतो. पाठवले. दुसऱ्या दिवशी मी ब्लॉक, ग्रुपमधूनही तो बाहेर.

आता पुढचं. बँकेत गेलो. तिथल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं की पिन तुम्हीच टाकला ना, मग व्यवहार यशस्वी आहे. ॲपवर तक्रार टाकली, चार दिवसांनी ‘निकाली काढली’ असा मेसेज. कोणी काढली, काय बघून, काही नाही. एका हेल्पलाइनवर तीन वेळा फोन, प्रत्येक वेळी नवीन माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून रामायण, शेवटी म्हणे विक्रेत्याची कंपनी नोंदलेली नाही, पत्ता द्या. पत्ता कुरिअरच्या लेबलवर होता, मी तिथे एका नातेवाइकाला पाठवलं, तिथे कोचिंग क्लास आहे. पोलीस ठाण्यात तीन खेपा. पहिल्या खेपेला साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या खेपेला अर्ज लिहून आणा. तिसऱ्या खेपेला अर्ज वाचून साहेब म्हणाले, वस्तू मिळाली ना तुम्हाला, मग फसवणूक कसली, हा दिवाणी मामला. मी म्हटलं, साहेब, तांबं म्हणून ॲल्युमिनियम विकलंय, भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ फसवणुकीचंच आहे. त्यावर ते शेजारच्या हवालदाराला म्हणाले, बघा, हे आपल्याला कलमं शिकवतायत. आणि मग मला, बारा हजारांची वायर घेतात का हो कोणी? मी वायरचा तुकडा कापून टेबलावर ठेवला, पांढरा मध्य दाखवला, प्लगला चुंबक लावून दाखवलं. कोणी हात पण लावला नाही. अर्जाच्या प्रतीवर शिक्का मिळवायला पाऊण तास उभा राहिलो. तो शिक्का एवढीच माझी कमाई. मोबाईल चोरीला गेला असता तर निदान एक कागद तरी मिळाला असता. आई शॉक लागून गेली असती तर मग सगळे धावले असते, पंचनामा झाला असता, फोटो निघाले असते, तोपर्यंत मामला दिवाणी!

तुमच्यावर वेळ आली तर माझ्यासारखे दहा दिवस घालवू नका, पैसे गेल्या गेल्या १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, पहिल्या काही तासांत पैसे खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत २ वर्षं. पण समोरच्याचं नाव, पत्ता, बिल लागतं. म्हणून बिल घ्या. १८ टक्के जाऊ द्यात.

नंतर मी दुकानातून आयएसआयची १.५ स्क्वेअर एमएम तीन कोर फ्लेक्सिबल वायर ६ मीटर आणली, ७२० रुपये. १६ अँपिअरचे तीन साधे प्लग ४२०, दोन सी १३ कनेक्टर ३६०, फेरूलचं (तारांच्या टोकावर दाबून बसवायच्या धातूच्या छोट्या नळ्या) पाकीट १२०. एकूण १,६२०, बिलासकट. आयएसआयच्या शिक्क्याखालचा सीएम/एल नंबर, म्हणजे कंपनीचा परवाना क्रमांक, सरकारी बीआयएस केअर ॲपवर टाकून बघितला, खरा निघाला. अर्थची तार बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवली, म्हणजे वायर कधी ओढली गेली तर ती सर्वात शेवटी सुटेल. टोकांना सोल्डर लावू नका, स्क्रूखाली सोल्डर सरकतं आणि सांधा सैल होतो, फेरूल दाबा. मग मल्टीमीटरने प्लगच्या अर्थ पिनपासून कनेक्टरच्या मधल्या भोकापर्यंत सलगता तपासली, वायर हलवत हलवत.

त्या दोघांपैकी ४ मीटरवाल्याला मी स्वतः जाऊन भेटलो, त्याच्या कॉर्ड उघडल्या, तीच वायर. त्याला त्याचे ३,४०० मी हप्त्याने देतोय, तो नको म्हणत होता तरी. ९ मीटरवाला ग्रुप सोडून गेलाय आणि माझ्याकडे त्याचा नंबर नाही. दादा, तुम्ही हे वाचत असाल तर आज रात्री मेन स्विच बंद करून, प्लग भिंतीतून काढून, अर्थचा स्क्रू उघडून बघा. आणि मला कळवा, मी मीटर घेऊन येतो.