स्पंजबॉब, टॉम की शॉन: टाइम प्लीज म्हटल्यावर कोण थांबतं?

मे महिना आमच्या घरात गणवेशांचा. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत माल पोचवायचा असतो, त्यामुळे सकाळी सातला सुरू झालेली दोन्ही मशीनं रात्रीच्या जेवणापर्यंत थांबत नाहीत. बाहेर ४२ अंश, कूलरमधलं पाणी दुपारीच आटलेलं. पोरांना बाहेर सोडायची सोय नाही. मग टीव्ही लागतो. यावर कुणी मला शहाणपण शिकवायला आलं, तर मी त्याच्या हातात शंभर कॉलर उलटवायला देते.

परवा जुळे सोलापुरातून धाकट्या जावेचा फोन आला. "अक्का, रोज अर्धाच तास लावून देणार हाय मी. एकच कार्टून. कुठलं लावू तेवढं तुम्ही सांगा." तिची मुलगी ८ वर्षांची, मुलगा ५ चा. मोटू-पतलू आणि छोटा भीम तिनेच बाद केले होते, कारण दोघांनाही ते पाठ आहेत. समोसा पोटात गेला की मोटूच्या अंगात येतं, लाडू गेला की भीमच्या, आणि पुढचं पोरं झोपेतसुद्धा सांगतात. उरले तीन: स्पंजबॉब, टॉम अँड जेरी आणि शॉन द शीप. माझ्या मुलाने गेल्या काही सुट्ट्यांत हे तिन्ही पिंजून काढलेत. मशीनवर बसलं की डोळे कापडावर असतात, कान मात्र रिकामे, म्हणून मीही.

आधी स्पंजबॉबचा एक भाग सांगते. माझं मत बनलं ते त्याच्यावरून.

सातव्या सीझनमधला, २०१० चा, 'वन कोर्स मील' नावाचा भाग. ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी एवढंच: मिस्टर क्रॅब्स हा खेकडा समुद्राच्या तळाशी बर्गरचं हॉटेल चालवतो, आणि स्पंजबॉब हा त्याच्याकडे कामाला असलेला स्पंज. समोर प्लँक्टनचं हॉटेल, तिथे गिऱ्हाईक फिरकत नाही. प्लँक्टन म्हणजे समुद्रातला सूक्ष्म जीव, आकाराने चिमूटभर, आणि क्रॅब्सच्या क्रॅबी पॅटी या बर्गरची कृती चोरणं हा त्याचा रोजचा उद्योग. क्रॅब्सची मुलगी पर्ल ही देवमासा. खेकड्याच्या पोटी देवमासा कसा, हे विचारायचं नसतं.

तर या भागात क्रॅब्सला शोध लागतो की प्लँक्टन देवमाशाला घाबरतो. कल्पना झकास आहे. मालिकेचा जनक स्टीफन हिलनबर्ग कार्टूनमध्ये येण्याआधी समुद्रजीवशास्त्र शिकवायचा, त्यामुळे कोण कुणाला खातं याची गंमत या मालिकेत मुळापासून आहे. (खरं तर पर्ल स्पर्म व्हेल जातीची. हे देवमासे मुख्यतः स्क्विड खातात, प्लँक्टन नाही. पण भीतीला कुठं पुस्तकी ज्ञान असतं?) क्रॅब्स पर्लचा वेश करतो आणि प्लँक्टन पळत सुटतो. इथपर्यंत आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा, हातातला शर्ट बाजूला ठेवून.

पण भाग तिथून पुढे सरकतच नाही. क्रॅब्स पुन्हा वेश करतो, पुन्हा घाबरवतो, प्लँक्टन पुन्हा पळतो. हॉटेलात, घरात, झोपेतही त्याला चैन पडू देत नाही. विनोद तोच, फक्त प्लँक्टन दर वेळी थोडा जास्त मोडलेला. आणि मग तो रस्त्यात जाऊन आडवा होतो. एखादी गाडी यावी आणि आपल्यावरून जावी म्हणून.

भाग इंग्रजीत लागला होता, त्यामुळे बोलणं पोरांच्या डोक्यावरून जात होतं. चित्र मात्र कळत होतं. सुट्टीला आलेल्या पाच वर्षांच्या पुतण्याने विचारलं, "काकू, त्याला झोप आली?" आणि माझा मुलगा शांतपणे म्हणाला, "नाही रे, तो मरायला झोपलाय." मी मशीनवरून पाय काढला आणि टीव्ही बंद केला. त्या दिवशी टीव्ही पुन्हा लावला नाही, त्यामुळे दोन डझन शर्टांची काजं राहिली.

आता कुणी म्हणेल, प्लँक्टन चोर आहे, त्याने मार खाल्ला तर बिघडलं कुठं? मलाही आधी असंच वाटलं. आमच्या बोळात पोरं पकडापकडी खेळतात, त्यात राज्य असलेल्याला हाणायची मुभा असते. पण एकदा कुणी 'टाइम प्लीज' म्हटलं की खेळ थांबतो. त्यानंतर जो हाणतो त्याच्याशी दुसऱ्या दिवशी कुणी खेळत नाही. प्लँक्टनने रस्त्यात झोपून टाइम प्लीजच म्हटलं होतं. मालिकेला ते ऐकू आलं नाही. ती त्याकडेही गंमत म्हणूनच बघत राहिली.

याच मालिकेला हे नीट जमतं, म्हणून तर जास्त चीड येते. पहिल्याच सीझनमध्ये १९९९ साली याच प्लँक्टनवर 'फन' नावाचा भाग झाला. त्यात स्पंजबॉबला वाटतं की हा दुष्ट कसला, एकटा आहे बिचारा, आणि तो त्याला मजा कशी करायची ते गाण्यातून शिकवायला जातो. शेवटी प्लँक्टन आपल्या मूळ वळणावर जातोच, त्याला दुष्टपणाच जास्त गोड लागतो. पण पूर्ण भागभर तो कुणीतरी आहे, नुसती मार खायची उशी नाही.

आणि २००१ चा 'बँड गीक्स'. माझ्या मते ११ मिनिटांत यापेक्षा जास्त काही बसवता येत नाही. स्क्विडवर्ड हा गर्विष्ठ, आंबट तोंडाचा शेजारी. जुन्या प्रतिस्पर्ध्यापुढे फुशारकी मारतो की माझा बँड आहे, आणि मग गावातले वाटेल ते लोक गोळा करून वाजवायला शिकवतो. स्पंजबॉबचा मित्र पॅट्रिक विचारतो, मेयोनीज हे वाद्य आहे का. तालीम म्हणजे मारामारी. लग्नसराईत आमच्या भागात बँडवाल्यांच्या गाडीवर जे चाललेलं असतं, त्याच्यापेक्षा फार वेगळं नाही. स्क्विडवर्डचा पार पाणउतारा होतो, तो हार मानून निघून जातो. त्याचं टाइम प्लीज सगळ्यांना ऐकू येतं. स्पंजबॉब बाकीच्यांना गोळा करतो, आणि शेवटी ते असे वाजवतात की प्रतिस्पर्धी जागीच कोसळतो. इथेही अपमान आहे, मार आहे. पण स्क्विडवर्डने तो स्वतःच्या थापेने ओढवून घेतलेला, आणि शेवटी त्याची झोळी रिकामी राहत नाही.

मधल्या काळात काय बदललं? २००४ च्या चित्रपटानंतर हिलनबर्ग रोजच्या कामातून बाजूला झाला. या मालिकेत संवाद आणि विनोद बरेचसे भागाचा कच्चा आराखडा चित्रांत काढणारेच रचतात, त्यामुळे वर कुणीतरी 'बास, इथे थांबा' म्हणणारं लागतं. तो गेल्यावर सगळंच वाया गेलं असं मात्र नाही, नंतरही चांगले भाग झाले. पण न पाहता लावून द्यायचं असेल तर पहिले तीन सीझन. पुढचं आधी आपण बघावं.

टॉम अँड जेरीचं गणित वेगळं. १९४० पासूनचं हे कार्टून मारामारीशिवाय उभंच राहत नाही, आणि तरी ते ज्यांनी घडवलं त्या हॅना आणि बार्बेरा यांच्या ११४ भागांतल्या सातांना ऑस्कर मिळाला. तिथे टाइम प्लीज लागतच नाही, कारण तव्याने चपटा झालेला टॉम पुढच्या चित्रात टुणकन गोल होतो. खोडीही बहुतेक वेळा त्याचीच असते. 'द कॅट कॉन्सर्टो'मध्ये तो पियानोवर लिस्ट या संगीतकाराची रचना वाजवतो, आणि आत झोपलेल्या जेरीला पहिली टिचकी तोच मारतो. बोटं आणि सूर असे जुळलेत की माझ्या मुलाला आठवडाभर वाटत होतं टॉमला खरंच पियानो येतो.

इथेही एक नासका पेटारा आहे. १९६१-६२ मध्ये जीन डाइच या अमेरिकन दिग्दर्शकाने प्रागमध्ये बसून तेरा भाग केले. त्यातल्या तीन भागांत टॉमला एक जाडजूड, रागीट मालक आहे. जेरी काहीतरी करतो, मालक टॉमला बडवतो. आणि हा मार गंमतीचा वाटत नाही, कारण टॉमचा चेहरा खरोखर कळवळतो. शिवाय आवाज असा घुमतो, जणू रिकाम्या पाण्याच्या टाकीत कुणी भांडी पाडतंय. 'वन कोर्स मील'चा हा थोरला भाऊच: ताकदवान दांडगा, आणि समोर ज्याला उलट काही करता येत नाही असा एक. ओळखायला सोपं आहे. सुरुवातीच्या पाटीवर जीन डाइच हे नाव दिसलं की पुढचा भाग लावायचा. आठ वर्षांच्या मुलीला इंग्रजी अक्षरं लागतात, हे काम तिलाच द्यावं.

जुन्या भागांतही दोन खडे आहेत. कृष्णवर्णीय मोलकरणीचं चित्रण तेव्हाच्या अमेरिकेच्या नजरेतून केलेलं आहे, आणि टॉम अधूनमधून सिगारेट ओढतो. पोराने विचारलं तर उत्तर तयार ठेवा.

शॉन द शीपबद्दल माझ्याकडे तक्रार कमी, म्हणून सांगायलाही कमी. २००७ पासूनची, ब्रिस्टलच्या आर्डमनची मालिका. बाहुल्या केसभर हलवायच्या, एक चित्र घ्यायचं, पुन्हा हलवायच्या. हाताने काज करणाऱ्या बाईला ही चिकाटी वेगळी समजावून सांगायला नको. शब्द नाहीतच. शेतकरी पुटपुटतो, बिट्झर कुत्रा शिट्टी वाजवतो, मेंढ्या बें करतात. सोलापुरातल्या आमच्या पूर्व भागातल्या बोळात तेलुगू, कन्नड, मराठी आणि उर्दू बोलणारी पोरं एकाच चटईवर बसतात. स्पंजबॉब लागला की एक जण हसतो आणि बाकीचे 'काय म्हटला, काय म्हटला' करत बसतात. शॉन लागला की सगळे एकदम हसतात.

कमतरता सांगायची तर, शॉन पोट धरून हसवत नाही. मेंढ्या काहीतरी उद्योग करतात, शेतकऱ्याला कळता कळता राहतं, भाग संपतो. दहा भाग ओळीने बघितले तर अकराव्यात काय होणार ते कळतं. पण दहा भाग ओळीने बघायला लावतंय कोण? सात मिनिटांत गोष्ट संपते, आणि त्यात कुणी रस्त्यात झोपत नाही.

जावेला मी सांगितलं: धाकट्यासाठी शॉन, काही न बघता लाव. थोरलीसाठी स्पंजबॉबचे पहिले तीन सीझन. टॉम रविवारी, सगळे मिळून, पाटी वाचून.

"पण अक्का, मी एकच म्हटलं होतं."

एकच हवं असेल तर शॉन, असं म्हणून मी फोन ठेवला आणि कॉलरकडे वळले.

काल पुन्हा फोन. तिने शॉन लावला. धाकटा खूश, थोरली म्हणाली हे बारक्या पोरांचं आहे. तेव्हा आता त्यांच्याकडे रोज शॉनचे दोन आणि स्पंजबॉबचा एक असा करार झालाय. म्हणजे पंचवीस मिनिटं. उरलेल्या पाच मिनिटांवर कुणाचा हक्क, यावरून दोघांची जुंपली आहे, आणि धाकटा मधूनच टाइम प्लीज म्हणून रिमोट घेऊन पळतो.