कुलाबा की जंजिरा?

अलिबागचा कुलाबा आणि मुरूडचा जंजिरा, दोन्ही समुद्रातले किल्ले. एकच दिवस असेल तर आधी तिथी बघा. तिथीला पाऊणपटीने गुणा, की भरतीची वेळ निघते. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. एकादशीला भरती सव्वाआठला, म्हणजे ओहोटी दुपारी अडीचच्या सुमारास.

अलिबागच्या कुलाब्याला ओहोटीत चालत किंवा घोडागाडीने जाता येतं. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघा, नंतरच्या तासाभरात परत फिरा. लोक फसतात ते अष्टमीच्या आसपास: तेव्हा भांगाची, म्हणजे कमी ओसरणारी ओहोटी असते, त्यामुळे वाटेत पाणी राहतं. अमावास्या-पौर्णिमेला वाट चांगली सुकते, पण सकाळ-संध्याकाळी साडेपाच-सहालाच. पट्टीच्या चपला घाला. ओल्या खडकावर शेवाळं असतं. आत गणेशपंचायतन, गोड्या पाण्याची पुष्करणी आणि चाकांच्या गाड्यावरच्या दोन तोफा.

मुरूडच्या जंजिऱ्याला मात्र राजपुरीहून होडीच. दरवाजा अगदी जवळ गेल्यावरच दिसतो. होडी हलत असताना पायरीवर पाय टाकायचा, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करावा. कलालबांगडी तोफ आणि गोडं तळं बघायला घाई होते, कारण होडीवाले थांबतात जेमतेम तासभर. पावसाळ्यात फेऱ्या बंद.

किल्ला म्हणून जंजिरा सरस. लहान मुलं बरोबर असतील तर कुलाबा.