‘बिलिव्हर’ म्हणून भेटलेला बसवाला

आधीच सांगते, यात बँकेचा ओटीपी नाही, लिंक नाही, लॉटरी नाही. समोरासमोर उभं राहून, हातात हात देऊन आम्हाला फसवलं गेलं.

मुंबईतल्या आमच्या मराठी मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, चौदाजण आठवडाभर गोव्यात सेवेला गेलो होतो. मडगावच्या आसपास बांधकाम मजुरांच्या वस्त्यांत वह्या आणि रेनकोट वाटणं, मुलांची गाणी-गोष्टी, संध्याकाळी प्रार्थना. काम छान झालं. परतीची गाडी १० जुलै २०२४ ची, आणि नेमका तेव्हाच पेडण्याचा बोगदा पाण्याने भरला. ९ तारखेला दुपारी तिथे खालून पाणी झिरपायला लागलं, ते रात्री आवरलं आणि पहाटे पुन्हा सुरू झालं. कोकण रेल्वेचा मार्ग बंद, गाड्या रद्द. आमची त्यातलीच एक.

मडगाव स्टेशनवर तेव्हा काय अवस्था होती ते ज्यांनी पाहिलं त्यांना ठाऊक आहे. भिजलेल्या बॅगा, जमिनीवर पसरलेली पोरं, चौकशीच्या खिडकीसमोर ही रांग. आम्ही सगळे एकाच रंगाच्या टीशर्टमध्ये, पाठीवर बायबलचं वचन, सोबत गिटार आणि ढोलकी. लांबूनच ओळखू यावं असे.

तसं त्याने ओळखलं.

“प्रेज द लॉर्ड, सिस्टर. तुम्ही बिलिव्हर ना?” बिलिव्हर म्हणजे आमच्या बोलण्यात विश्वासी ख्रिस्ती. चाळिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, छत्री. मराठी स्वच्छ, जरा सावंतवाडीकडचा हेल. आम्ही कुठल्या मंडळीचे, पाळक (पास्टर) कोण, कुठे सेवा केली, सगळं विचारलं. आपली सासुरवाडी मिरजेची आणि तिकडचे मिशनचे दवाखाने आपण लहानपणापासून पाहिलेत, असं म्हणाला. मिरजेचं नाव काढलं की आमच्यातले अर्धे लोक विरघळतात, कुणाचा ना कुणाचा जन्म तिथलाच. मग पाळकसाहेबांपुढे मान झुकवून “माझ्या आईसाठी प्रार्थना करा” म्हणाला. साहेबांनी तिथेच, फलाटावर, डोक्यावर हात ठेवून केली. मीही डोळे मिटले होते.

त्यानंतर बसचा विषय त्याने काढलाच नाही, आम्हीच काढला. हे मला आजही टोचतं.

रात्रीच्या स्लीपर बसमध्ये ओळखीने चौदा सीटा निघतील, एरवी दोन हजार सांगतात पण आपल्या माणसांना १,४०० मध्ये. म्हणजे १९,६००. तरुण संघाची खजिनदार मी, पैसे माझ्या खात्यात. त्याच्या मोबाईलवरचा क्यूआर स्कॅन केला तर वर नाव आलं एका मोबाईल रिचार्जच्या दुकानाचं. मी थांबले. तो हसून म्हणाला, “भावाचं दुकान हो, माझं खातं को-ऑपरेटिव्ह बँकेत, त्याला यूपीआय नाही.” आता वाटतं, पैसे पाठवण्याआधी अ‍ॅप ते नाव दाखवतं ते यासाठीच. मी वाचलं आणि पिन टाकला.

पण मी अगदीच भोळी नव्हते, हे माझं म्हणणं. व्हॉट्सअ‍ॅपवर तिकीट आलं, पीएनआर होता, चौदा सीट नंबर होते. ज्या कंपनीची बस, तिच्या ऑफिसचा नंबर मी त्याच्याकडून न घेता स्वतः शोधला आणि फोन केला. “हा पीएनआर कन्फर्म आहे का?” पलीकडून उत्तर आलं, “हो मॅडम, मडगाव ते मुंबई, आज रात्री, कन्फर्म.” एवढं ऐकून मी फोन ठेवला. किती सीटा, हे विचारलंच नाही.

आता खरी मेख ऐका. पीएनआर खोटा नव्हता. त्याने खरोखर दोन सीटा काढल्या होत्या, माझ्याच नावाने. ते दोन सीटांचं तिकीट मोबाईलवर एडिट करून त्यात चौदा आकडे भरले. घरी आल्यावर मोठं करून पाहिलं तर पहिल्या दोन सीट नंबरांचा टाइप बारीक आणि पुढच्या बाराचा किंचित जाड. भाड्याच्या रकमेतला स्वल्पविरामही चुकीच्या जागी, १९६,००. स्टेशनच्या गर्दीत चार इंची पडद्यावर कोण बघतंय?

रात्री कदंब स्थानकाबाहेर, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसस्थानकाबाहेर, बस आली. कंडक्टरने चार्टवर बोट फिरवलं. “दोनच आहेत.” बस गच्च. आमच्या माणसाचा फोन आधी बिझी, मग बंद. शेजारी उभा असलेला रिक्षावाला मी दाखवलेला फोटो बघून म्हणाला, “हांव ताका वळखना, पात्रांव,” म्हणजे मी याला ओळखत नाही, आणि मग हळूच, असे दोन-तीन जण स्टेशनवर फिरतात म्हणून सांगितलं.

भांडून उपयोग नव्हता, कंडक्टरचा काय दोष? त्या दोन सीटांवर पाळकसाहेब आणि त्यांच्या मिसेसना बसवून दिलं. १९,६०० रुपयांत दोन सीटा. आम्ही बाराजण एका ओळखीच्या घरी हॉलमध्ये झोपलो. आणि कहर म्हणजे त्याच रात्री बोगद्याचं काम होऊन मार्ग सुरू झाला. स्टेशनवर मुकाट्याने बसलो असतो तरी दुसऱ्या दिवशी घरी पोचलो असतो.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन केला तो रात्री बाराच्या पुढे. पैसे देऊन सहा तास होऊन गेले होते. पलीकडच्या बाईंनी व्यवहाराचा नंबर घेतला, तक्रार नोंदवली आणि म्हणाल्या, तासाभरात केला असतात तर बरंच अडवता आलं असतं. पैसे पुढे ज्या खात्यात वळवले होते त्यात जे उरलं होतं तेवढंच गोठलं, ४,१०० रुपये. सकाळी पोलिसांकडेही गेलो. तिथल्या हवालदारांनी नीट ऐकून घेतलं. “फसवणुकीचं चारशेवीस कलम आता गेलं, १ तारखेपासून नव्या न्याय संहितेचं ३१८ लागतं,” हे सांगताना त्यांनाही सवय नसल्याने दोनदा कागद बघावा लागला.

रद्द गाडीचे पैसे? काहीही न करता सहाव्या दिवशी खात्यात जमा. गाडी पूर्ण रद्द झाली की ई-तिकिटाचे आपोआप येतात, कुणाला फोन करावा लागत नाही.

हे सगळं लिहायला बसले त्याचं कारण वेगळंच आहे. त्या संध्याकाळी पैसे दिल्यावर आनंदाच्या भरात मी मंडळीच्या ग्रुपवर मेसेज टाकला होता: “गाडी रद्द झाली पण प्रभूने सोय केली, एक बिलिव्हर ब्रदर भेटले, गोव्यातून बस हवी असल्यास यांना फोन करा.” खाली त्याचा नंबर. नंतरच्या धावपळीत तो मेसेज डोक्यातूनच गेला. आठवला तेव्हा चार दिवस उलटले होते, सगळ्यांसाठी डिलीट करायची मुदत संपली होती, आणि तो आणखी तीन मंडळ्यांच्या ग्रुपवर फिरत होता. परवा ठाण्याहून एका अनोळखी बाईंचा फोन आला, नोव्हेंबरमध्ये वीसजण जुन्या गोव्याला जाणार आहेत, ते ब्रदर फोन उचलत नाहीत, दुसरा नंबर आहे का म्हणून.