मॅनी फ्रेश की डीजे पॉल: बीट शिकताना कुणाचं बोट धरावं?

रील्समुळे फॉन्क, म्हणजे जुन्या रॅपच्या वळणाचं अंधारं, ठोकेबाज संगीत, आता घराघरांत पोचलंय. त्यामुळे नव्याने बीट (रॅपखाली वाजणारं संगीत) बनवायला बसलेली मुलं मला एकच प्रश्न विचारतात: अमेरिकेच्या दक्षिणेचं हिपहॉप मुळापासून ऐकायचं, तर कुठल्या एका माणसाची कारकीर्द धरून चालावं? काही वर्षांपूर्वी मी स्वतः याच ठिकाणी अडलो होतो. बरीच चाळणी केल्यावर दोन नावं उरली, न्यू ऑर्लिन्सचा मॅनी फ्रेश आणि मेम्फिसचा डीजे पॉल. दोघेही आधी डीजे, मग प्रोड्युसर, म्हणजे बीट रचणारे. दोघांनीही मोठ्या कंपन्यांची वाट न बघता आपापल्या शहरातल्या लहान लेबलांवर नाव काढलं.

गंमत म्हणजे दोन्ही शहरांच्या मुळाशी एक रेकॉर्ड समान आहे, न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या द शोबॉईज या जोडीची १९८६ची 'ड्रॅग रॅप'. न्यूयॉर्कने ती फारशी मनावर घेतली नाही, पण न्यू ऑर्लिन्स आणि मेम्फिसच्या पोरांनी ती उचलून धरली. न्यू ऑर्लिन्समध्ये तिच्यातून बाउन्स, म्हणजे तिथलं नाचायला लावणारं हिपहॉप, फुललं. मेम्फिसची चाल मात्र हळूहळू अंधारी होत गेली. ही रेकॉर्ड आधी एकदा शांतपणे ऐकून घ्या, पुढचं सगळं सोपं जाईल.

डीजे पॉलची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. शाळकरी वयापासून स्वतःच्या मिक्सटेप विकणारा हा मुलगा. १९९१ च्या सुमारास तो, जुसी जे आणि पॉलचा सावत्र भाऊ लॉर्ड इन्फमस एकत्र आले आणि त्यातून थ्री सिक्स माफिया ही रॅप मंडळी उभी राहिली. १९९५ च्या 'मिस्टिक स्टाईल्झ'मध्ये भयपटांसारखे सूर, ८०८ या ड्रम मशीनची काउबेल (घंटेसारखा ठोका) आणि घोटून घोटून म्हटलेले हुक (धृपदासारख्या ओळी) हे सगळं जागेवर आहे. आज फॉन्क म्हणून जे कानावर पडतं त्याचा मोठा भाग याच मेम्फिसच्या कॅसेटींमधून आलेला आहे. पुढे २००५चं 'स्टे फ्लाय', २००६ मध्ये ऑस्कर, २००७ मध्ये यूजीके या रॅप जोडीसाठी केलेलं 'इंटरनॅशनल प्लेयर्स अँथम'. या शेवटच्या गाण्यात विली हचचा जुना सोल आवाज कसा वापरलाय तेवढं ऐकलं, तरी सॅम्पलिंग, म्हणजे जुन्या गाण्याचा तुकडा कापून नव्यात बसवणं, काय असतं ते कळतं. प्रभावाचाच विचार केला तर पारडं मेम्फिसकडे झुकेल, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

तरीही मी तिथे टिकलो नाही. कारण तसं लहान आहे, पण माझ्यासाठी तेच निर्णायक ठरलं.

बीट शिकताना मी वही घेऊन बसतो. डाव्या पानावर किक (मोठ्या ड्रमचा ठोका) आणि स्नेअर (लहान ड्रमचा कडक ठोका), उजव्या पानावर बेस (खालचे जाड सूर), आणि वर लिहायचं की हे कुणी केलं. मेम्फिसच्या गाण्यांना दर वेळी वर दोन नावं लिहावी लागायची: डीजे पॉल आणि जुसी जे. थ्री सिक्स माफियाच्या बहुतेक गाण्यांचं श्रेय जोडीचं. भागीदारी म्हणून ते सुंदर आहे, त्यांनी ती वर्षानुवर्षं निभावली. पण शिकणारा माणूस हाताचं वळण शोधत असतो, अक्षराचं असतं तसं. पंचवीस गाणी लागोपाठ ऐकल्यावर एखादी किक नेहमीपेक्षा किंचित उशिरा पडलेली दिसते, आणि मनात येतं, हा माणूस इथे बदलला. जोडीच्या कामात हे म्हणताच येत नाही. तो बदल आहे की दुसऱ्याचा हात आहे? मी उलट्या बाजूनेही प्रयत्न केला. जुसी जे वेगळ्या वाटेने गेल्यावर, २०१३ मध्ये पॉलने 'द माफिया सिक्स' म्हणून जे काम केलं ते ऐकून मागच्या गाण्यांत त्याचा वाटा ओळखायचा. थोडंफार जमलं, पण खात्री कधीच वाटली नाही.

त्यात भर म्हणजे एकाच गाण्याच्या आवृत्त्या. 'टेअर दा क्लब अप' १९९५ मध्ये आहे आणि १९९७च्या अल्बममध्ये पुन्हा नव्याने आहे. सुरुवातीच्या कॅसेटी तर कॉपीवर कॉपी होत आपल्यापर्यंत आलेल्या. किक कुठे संपते आणि बेस कुठे सुरू होतो, हे हेडफोन लावूनही मला कळत नसे. असं एक गाणं उभं करायला मला जवळजवळ तीन आठवडे लागले. मॅनी फ्रेशने जुवेनाईल या रॅपरसाठी केलेलं 'हा' हे गाणं तीन संध्याकाळींत उभं राहिलं. तुमचे कान माझ्यापेक्षा तयार असतील तर हा फरक कदाचित कमी जाणवेल.

मॅनीच्या बाबतीत वहीत एकच नाव. वडीलही डीजे, त्यामुळे रेकॉर्डी घरातच. १९९३ पासून २००५ पर्यंत कॅश मनी या न्यू ऑर्लिन्सच्या लेबलचा आवाज म्हणजे हा एकटा माणूस. जुवेनाईलचा '४०० डिग्रीझ' (१९९८) हा अल्बम त्याने केला, अमेरिकेत तो चार वेळा प्लॅटिनम झाला. 'बॅक दॅट अ‍ॅझ अप'ची सुरुवात तंतुवाद्यांच्या ढंगाच्या सुरांनी होते आणि मग खालून बाउन्स उसळतं. बी.जी.चं 'ब्लिंग ब्लिंग' (१९९९) त्याचंच, ज्यातला शब्द पुढे इंग्रजी शब्दकोशांत जाऊन बसला. लिल वेनचं 'गो डीजे' (२००४) त्याचंच. एकाच हाताची सलग बारा वर्षं, आणि तो हात कसा बदलत गेला हे क्रमाने ऐकता येतं.

दुसरं कारण अगदी माझं आहे. पुण्यात पथकात मी काही वर्षं ताशा वाजवला. न्यू ऑर्लिन्स हे ब्रास बँडचं आणि शाळांच्या मार्चिंग बँडचं शहर. मॅनीच्या स्नेअरचे भरणे ऐकले की ताशाची तर्री आठवते, आणि मनगट आपोआप हलायला लागतं. मशीनवर वाजवलेलं असूनही ते रस्त्यावर चालत वाजवल्यासारखं वाटतं. मेम्फिसचं संगीत मला खोलीत बसवून ठेवतं, हे उठवतं.

उणीव सांगायलाच हवी. २००५ मध्ये तो कॅश मनीतून बाहेर पडला. त्यानंतर यंग जीझीचं 'अँड देन व्हॉट' आणि २००७ मध्ये टी.आय.चं 'बिग थिंग्ज पॉपिन' अशी मोठी गाणी आली, पण पूर्वीसारखा ओघ राहिला नाही. अख्खे अल्बम एकहाती करणारा मॅनी पाहिजे असेल तर तो मुख्यतः २००५च्या आधीच सापडतो.

सॅम्पल कापण्याची आवड असेल, काळोखे सूर भावत असतील, तर डीजे पॉलकडे जरूर जा. सुरुवात 'स्टे फ्लाय'पासून करा, आणि त्यात वापरलेलं विली हचचं मूळ गाणं आधी ऐका. ड्रम शिकायचे असतील तर मी तरी मॅनीच सुचवेन. 'हा' आधी फक्त हाय-हॅटसाठी (झांजेच्या बारीक ठोक्यांसाठी) ऐका, मग फक्त किकसाठी, मग बेससाठी. त्यानंतर '४०० डिग्रीझ' पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत, क्रम न मोडता. माझी दुसरी वही आता 'गो डीजे'पर्यंत आली आहे, आणि वरचं नाव अजून तेच आहे.