मोका भिंत, बूक्ले सोफा, पिवळे दिवे: आमच्या हॉलचा वापरानंतरचा अनुभव

गेल्या दसऱ्याच्या सुमारास नाशिकच्या पाथर्डी फाट्याकडच्या आमच्या फ्लॅटचा हॉल नव्याने करून घेतला. सध्या इंटिरियरवाले जे सुचवतात त्यातलं बरंचसं आमच्याकडे आलं: तपकिरी लाइमवॉशची भिंत, गोलाकार बूक्ले (फाशाफाशांच्या कापडाचा) सोफा, टीव्हीमागे फ्लुटेड (उभ्या खाचांचं) पॅनल, वेताच्या जाळीची दारं, पिवळे दिवे. थंडी-उन्हाळा झाला, पावसाळाही अर्धा सरला. आता बोलायला हरकत नाही.

पैसे सगळ्यात जास्त वसूल झाले ते दिव्यांत. पूर्वी छताला ६५०० केल्विनचा (हा आकडा जेवढा कमी, तेवढा उजेड पिवळा) पांढरा पॅनल होता, बसलं की दवाखान्यात नंबर लावल्यासारखं वाटायचं. आता कोव्हमध्ये, म्हणजे छताच्या कडेच्या खाचेत, २७०० ची पट्टी, सोफ्याशेजारी स्टँडचा दिवा आणि जेवणाच्या टेबलावर ३००० चा लटकता दिवा आहे. तिन्हींची बटणं वेगळी घ्या. वायर वाचते म्हणून इलेक्ट्रिशियन सगळं एकाच बटणावर आणू बघतो, तिथे अडून बसा. खोक्यावर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा वर आहे का तेही बघा, नाहीतर पिवळ्या उजेडात पालेभाजी मातकट दिसते. मुलीच्या अभ्यासाला मात्र ४००० चाच दिवा ठेवलाय. शेजारच्या काकू हल्ली ‘निघते हं’ म्हणाल्यावरही अर्धा तास बसतात, हे श्रेय मी दिव्यांनाच देते.

रंगांची कंपनी पँटोन दरवर्षी ‘वर्षाचा रंग’ काढते, त्यांनी २०२५ साठी तपकिरी मोका मूस निवडला होता, आमची भिंत त्याच वळणाची. २०२६ साठी त्यांनी पांढरा क्लाउड डान्सर काढला, म्हणजे रंग जुना व्हायच्या आत फॅशन जुनी! असो. लाइमवॉश म्हणजे चुना आणि मातकट रंगद्रव्यं. प्लास्टिक पेंटवर तो थेट धरत नाही, खाली खास प्रायमर लागतो. ऊन तिरपं आलं की भिंत फार सुरेख दिसते. पण तिला टेकून गादी घातली आणि पाहुण्यांच्या डोक्याच्या तेलाचे गोल डाग उमटले. पुसायला गेलं की रंगच हाताला येतो. बरं एवढंच की मुळातच ढगाळ पोत असल्याने डागावर पुन्हा हात मारला तर जोड कळत नाही. आता तिथे लोड उभे करून ठेवलेत.

फ्लुटेड पॅनल पुन्हा करणार नाही. कुंभमेळ्याच्या कामांसाठी रस्ते उकरलेले, शेजारी नव्या इमारती, आणि ती सगळी धूळ त्या उभ्या खाचांत जाऊन बसते. कापड आत पोचत नाही. रंगाऱ्याचा एक इंची ब्रश घेऊन खाच-खाच झाडावी लागते. वेताची जाळी पावसाळ्यात जरा सैलावते, कोपऱ्यात बुरशीही धरते, पण बुटांच्या कपाटाला हवा लागते आणि कुबट वास गेला, म्हणून ती राहील.

राहता राहिला सोफा. फोटोत याच्यासारखं देखणं काही नाही. बैठकीची उंची पंधरा इंच, खोली दोन फुटांहून जास्त. सासूबाईंना त्यावरून उठताना रेटा द्यायला घट्ट हात लागतो, तो गोल सोफ्याला नसतोच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका काठावर अवघडून बसल्या, कारण मागे टेकायचं तर पाय पुढे पसरावे लागतात, आणि साडीत ते कोण करणार? शेवटी सगळ्या जुन्या सागवानी खुर्च्यांकडे वळल्या. त्यांची बैठक अठरा इंच आहे.

कापडाचे फासे बांगडीत, अंगठीच्या खड्यात अडकतात. ओढू नका, कापूही नका, क्रोशाच्या सुईने मागच्या बाजूला ओढून घ्या. मांजर असेल तर बूक्लेचा विचारच सोडा. फोम ४० डेन्सिटीचा, म्हणजे भरीव, सांगितला होता, पण होळीच्या आत मधली गादी दबली. चेन उघडली तर वर थोडा घट्ट थर, खाली मऊ भरताड. दुकानदार अजून ‘बघतो’ म्हणतोय. तेव्हा माल घरात घेण्याआधी चेन उघडायला लावाच.

फेकून द्यायला तो स्वस्त नाही. सुतार खाली तीन इंचांचे लाकडी पाय लावून देणार आहे, पाठीला एक कडक तक्क्या शिवून घेईन आणि वरून धुता येईल अशी जाड सुती खोळ चढवीन. सासूबाईंची खुर्ची मात्र दिव्याशेजारीच राहणार.